पेटीतून पोचलेला नमस्कार

सकाळी आठ वाजता भिंतीवरच्या पेटीतली बाई म्हणाली, "हात वर! आता खाली! परत वर!" आणि समोर बसलेला साठीचा दरवान खुर्ची मागं ढकलून खरोखर हात वर करून उभा राहिला. मीही उठलो, हात वर केले. म्हटलं, इथला कायदा असेल. लंडन शहर, लढाईचं साल, रेडिओचं हे एवढं टोलेजंग घर. कोण कशाला धरील सांगता येत नाय.

दरवान म्हणाला, "तू का करतोयस? हे घरातल्या बायकांसाठी आहे. अंग सुटू नये म्हणून."

"मग तू का करतोस?"

"दहा वर्षं झाली या पेटीखाली बसून. ती सांगते, मी करतो."

मी त्याला मनातल्या मनात भरपूर हसलो.

मी बोटीवर आगवाला. म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीपुढं उभं राहून कोळसा मारायचा. शाळा म्हणाल तर गावच्या मास्तराची गुरं राखली, तेवढाच शाळेशी संबंध. आमची बोट जर्मनांनी पाणबुडीनं फोडली. छप्पन्न माणसं होती, त्यातले आम्ही नऊ जण होडीतून तीन दिवसांनी उचलले गेलो. कंपनीनं घरी तार केली होती, 'बेपत्ता'. मी सापडलो ही दुसरी तार करा म्हणून सांगायला गेलो, तर तिथला कारकून म्हणाला, "तुझं नाव बेपत्ताच्या यादीत आहे. सापडलेल्यांची यादी वरून आली की बघू."

"अरे, पण मी तुझ्यासमोर उभा आहे."

"ते दिसतंय मला. पण यादी आली नाही."

असा मी खलाशांच्या धर्मशाळेत हात चोळत पडलो होतो, तिथं गणपुले साहेब आले. पुण्याकडचे. बॅरिस्टर व्हायला विलायतेत आले, तीनदा आपटले, तेवढ्यात लढाई लागली आणि रेडिओत चिकटले. दुपारी अर्धा तास हिंदुस्थानातल्या लोकांसाठी मराठीतून बोलायचे. त्यांना एक 'खरा खलाशी' हवा होता, घरी निरोप सांगायला.

"तुम्हाला मराठी उत्तम येते ना?" त्यांनी विचारलं.

"शिव्या देतो त्या मराठीतच देतो."

ते हसले नाहीत. मी विचारलं, "इथं बोललेलं तिकडं कधी पोचतं?"

"तत्क्षणी."

"म्हणजे कधी?"

"तुमचं तोंड मिटायच्या आत."

मी त्यांचे पाय धरायचा बाकी राहिलो. कागद जायला तीन महिने, तो पण बुडाला नाय तर. आणि आमच्या खोताकडं रेडिओ होता. पाच गावांत एकच. दिवेलागण झाली की सगळा गाव त्याच्या पडवीत लढाई ऐकायला बसायचा.

"साहेब, मला बोलू द्या," मी म्हणालो. "माझी बायको एकोणीस वर्षांची आहे. लगीन होऊन दीड वर्ष झालं, त्यात मी घरात चाळीस दिवस. मी बुडालो असं एकदा का भाऊबंदांनी ठरवलं, की तिच्या बांगड्या फुटल्या. त्याआधी माझा आवाज पोचायला हवा."

"पोचेल," गणपुले म्हणाले. "बुधवारी सकाळी आठला या. तुमची वेळ दुपारी अडीचची."

"मग आठला कशाला?"

"इथे शिस्त असते."

तर ती शिस्त पाळत मी बसलो होतो. व्यायामाच्या बाईनंतर एक पाद्री आला. त्यानं राजासाठी प्रार्थना केली, फौजेसाठी केली, आणि जर्मनांना सुबुद्धी दे म्हणाला. मग दुसरी बाई आली, स्वयंपाकाची. तिकडं खायची टंचाई होती, गाजरं तेवढी मुबलक. बाईनं गाजराचा केक सांगितला, गाजराचा मुरंबा सांगितला, गाजराचं सरबत सांगितलं. गाजराचा हलवा सोडून सगळं सांगितलं.

मग एक जण कांदे कसे लावावेत यावर वीस मिनिटं बोलला. माती कशी भुसभुशीत करावी, नखात गेलेली माती कशी काढावी, सगळं. बाहेर आला तेव्हा बघतो तर हातात पांढरे मोजे, बोटं लोण्यासारखी.

मी दरवानाला विचारलं, "ह्यानं किती कांदे लावले?"

"हा पाचव्या माळ्यावर राहतो. पण आवाज शेतकऱ्याचा आहे की नाही?"

मग कारखान्यातल्या लोकांसाठी बॅन्ड लागला, हात भराभर चालावेत म्हणून. आमच्या बोटीवर त्या कामाला सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम असायचा, हातात दोरी घेऊन.

अकराच्या सुमाराला एक बुटका माणूस धावत आला. बर्ट त्याचं नाव. "तू खलाशी ना? चल, चल!" मला ओढतच एका खोलीत घेऊन गेला. बघतो तर टेबलावर नारळाच्या करवंट्या! परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला. म्हटलं, "खोबरं कुठं आहे?"

"खोबरं कसलं? तो घोडा आहे." त्यानं करवंट्या टेबलावर आपटल्या. टकडक, टकडक. खरंच घोडा. मग त्यानं एक भली मोठी चाळण उचलली, आत सुके वाटाणे, आणि हळूहळू हलवायला लागला. "आणि हा समुद्र. शाळेतल्या पोरांसाठी नाटक आहे, त्यात बोट बुडते. नीट ऐक आणि सांग, खरी बोट बुडते तेव्हा कसा आवाज येतो?"

मी त्याच्या चाळणीकडं बघितलं. मग सांगितलं, "आधी मोठा येतो. मग माणसांचा. आमच्यातला एक जण भावाला हाका मारत होता. आधी मोठ्यानं, मग बारीक. मग त्याही थांबल्या. मग काहीच नाय."

बर्टचे वाटाणे थांबले. म्हणाला, "काहीच नाही?"

"काहीच नाय."

"ते रेडिओत चालत नाही रे बाबा. पाच सेकंद गप्प बसलं की लोकांना वाटतं यंत्र बिघडलं." आणि तो परत चाळण हलवायला लागला. मला मात्र त्यानं स्वतःच्या डब्यातला अर्धा पाव दिला. माणूस वाईट नव्हता.

बारा वाजता गणपुले कागद घेऊन आले. मला वाचता येत नाय म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग एकेक ओळ ते म्हणायचे आणि मी मागनं म्हणायचो, पोरगं पाढे म्हणतं तसा. तो मजकूर मला आजही पाठ आहे. ऐका:

'मी बुधाजी कोयंडे. मी कोठे आहे हे सांगण्याची मला आज्ञा नाही. परंतु येथे मी परम सुखात आहे. येथे अन्नवस्त्राची ददात नाही व सर्वजण मला प्रेमाने वागवितात. माझ्याविषयी कोणी शोक करू नये. पूज्य मातोश्रींच्या चरणी मस्तक ठेवतो. कुटुंबास आशीर्वाद. परत येणे केव्हा घडेल ते ईश्वराधीन आहे.'

मी म्हणालो, "साहेब, मातोश्री म्हणजे आई ना?"

"अर्थात."

"माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली. मला आत्यानं वाढवलं. तिथं आत्या घाला."

"मजकूर मंजूर होऊन आलेला आहे, कोयंडे. त्यावर शिक्का आहे. सगळ्या खलाशांना हाच मजकूर असतो, फक्त नाव बदलतं."

"पण आई नाय ना मला!"

"आई ही सर्वांनाच असते," गणपुले म्हणाले.

मी दुसऱ्या टोकानं शिरलो. "बरं, मग बायकोचं नाव तरी घालू. द्वारका. एवढं ऐकलं की तिला कळेल."

"बायकोचं नाव चारचौघांत घेणं प्रशस्त दिसत नाही. कुटुंब म्हटलंय त्यात ती आली."

"त्यात गुरंढोरं पण आली. बरं ते जाऊ दे. मी बुडालो नाय, जिता आहे, एवढं तरी सांगू?"

गणपुल्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. "मुळीच नाही! बुडालो नाही म्हटलं की कोणीतरी बुडालं हे शत्रूला कळतं. बोट गेली ही गुप्त बातमी आहे."

"शत्रू मराठी ऐकतो?"

"शत्रू सगळं ऐकतो."

म्हटलं, धन्य आहे. माझी बायको सोडून सगळे ऐकणार.

अडीचला मला एका बंद खोलीत नेलं. भिंतींना गाद्या मारलेल्या. मधे टेबल, त्यावर ते बोलायचं यंत्र, टांगलेल्या माशासारखं. आणि काचेपलीकडं एक म्हातारा गोरा साहेब, बोट एका बटणावर ठेवून बसलेला. साताऱ्याकडं कलेक्टर होता म्हणे. मला बघून म्हणाला, "आपण कृपा करून आसनस्थ व्हावे." मला वाटलं हा काही विकतोय.

गणपुले कानात कुजबुजले, "कागदाबाहेर एक शब्द गेला की साहेब बटण दाबणार. मग सगळंच बंद. तुमचा आवाजही नाही, निरोपही नाही. समजलं?"

समजलं. अहो, तेवढंच तर नीट समजलं.

लाल दिवा लागला. गणपुल्यांनी माझं नाव सांगितलं आणि मला खूण केली. मी सुरू झालो. जीभ पोळलेल्या माणसासारखा एकेक शब्द सांभाळत चाललो. परम सुखात आहे. ददात नाही. शोक करू नये. पूज्य मातोश्रींच्या चरणी मस्तक ठेवतो. इथं मी थांबलो. डोळ्यांपुढं ती पडवी आली, खांबाआड बसलेल्या बायका आल्या. द्वारका हा शब्द दातांपर्यंत आला होता. काचेपलीकडं साहेबाचं बोट हललं. गणपुल्यांचे डोळे बटाट्याएवढे झाले.

मी शब्द गिळला. म्हणालो, "कुटुंबास आशीर्वाद."

दिवा विझला तसे गणपुले मला येऊन भिडलेच. "शाब्बास! एक अक्षर इकडचं तिकडे नाही! पदवीधर चुकतात हो!" कलेक्टरनं सिगारेट दिली. मी छाती फुगवून बाहेर आलो आणि दरवानाला सांगितलं, "माझा आवाज गेला घरी." त्यानं माझी पाठ थोपटली. त्या रात्री मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाढ झोपलो.

घरी परतायला सव्वादोन वर्षं लागली. आवाज पोचलाय म्हणून मी कुणाकडनं कागद लिहून घेतला नाय, आणि ती सापडलेल्यांची यादी वरून आलीच नाय. होडीनं खाडी ओलांडली, पाऊलवाटेनं वर आलो. अंगणात आत्या झाडत होती. मला बघितलं, झाडू हातातून पडला, आणि तिनं तो लगेच परत उचलला. माझ्यावर रोखून धरला.

"पुढं येऊ नकोस!"

"आत्ये, मी बुधा!"

"ओळखलंय! तुझं सगळं रीतसर केलंय. दहावं केलं, तेरावं केलं, वर्षश्राद्ध केलं. काय राहिलं ते तिथनंच सांग आणि जा!"

"आत्ये, अगं, मी मेलो नाय!"

"सगळे असंच म्हणतात!"

आवाज ऐकून मागच्या दारानं द्वारका आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. बांगडीची एक रेघ नाय. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाय, खाली बघितलं.

"पाय बघू," म्हणाली.

मी लुंगी वर घेऊन पाय दाखवले.

"सरळ हाईत," ती आत्याला म्हणाली. आणि मग तिथंच अंगणात मटकन खाली बसली.

संध्याकाळी मी खोताच्या पडवीत गेलो ते भांडायलाच. आप्पा खोत, जनूभट, चार भाऊबंद, सगळे हजर. त्यांचे पण चेहरे उतरलेले. मेलेला माणूस जाब विचारायला आला की उतरतातच.

"माझा आवाज ह्या पेटीतनं आला होता की नाय?" मी विचारलं.

"आला होता," खोत म्हणाला. "स्पष्ट आला."

"मग?"

"मग काय? त्यावरूनच तर ठरलं!"

"काय ठरलं?"

खोत सांगायला लागला. कंपनीची तार आली होती ती नुसती बेपत्ताची. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, असा जनूभटानंच निवाडा दिला होता. द्वारकेच्या बांगड्या शाबूत होत्या. बारा वर्षं शाबूत राहिल्या असत्या. आणि मग एका बुधवारी दिवेलागणीला मी पेटीतनं बोललो.

"अहो, पण आवाज आला म्हणजे माणूस जिता नाय का?"

"असं कसं?" खोत म्हणाला. "माझ्याकडं तबकड्या आहेत. त्यातला गवई मरून अकरा वर्षं झाली, रोज सकाळी भैरवी गातो. आवाजावर काय जातं? माणूस बोलतो काय ते बघायचं."

"आणि तू बोललास काय?" जनूभट पुढं सरकला. "कुठं आहे ते सांगायची आज्ञा नाही. कोणाची आज्ञा? परम सुखात आहे. गेल्या जन्मात तू कधी सुखात होतास? तिथं अन्नवस्त्राची ददात नाही. असं गाव पृथ्वीवर आहे का, तूच सांग! शोक करू नये म्हणालास. आणि वर आईच्या चरणी मस्तक ठेवतो! तुझी आई कुठं आहे हे मला ठाऊक, तुला ठाऊक. तिचे पाय सापडले म्हणजे तू तिथंच असणार ना?"

मागनं एक भाऊबंद म्हणाला, "आणि बोलणं काय शुद्ध! आमचा बुधा असा कुठं बोलायचा? मी तेव्हाच म्हटलं, देवाच्या दारात शुद्धच बोलावं लागत असणार."

असं मला सगळ्यांनी मिळून समजावून सांगितलं. खरं सांगतो, ऐकता ऐकता मलाच घडीभर वाटलं की यांचं बरोबर आहे. दर्भाचा पुतळा करून त्यांनी मला खाडीकाठी जाळला होता. आणि बांगड्या तिथंच, दगडावर.

घरी आलो. द्वारका चुलीपुढं बसली होती. म्हटलं, "तुला पण पटलं ते?"

"मला? मी बायकांत बसलेली, खांबाच्या मागं. मी म्हटलं, ह्यो जित्या माणसाचा आवाज हाय, मधे घोट गिळला त्यांनी. मेलेला कशाला घोट गिळंल?"

"मग?"

"मग काय? आप्पा खोत म्हणाले, तो स्वतःच्या तोंडानं सांगतोय, तू मधे बोलू नको." तिनं फुंकणी आपटली. "मी रडले नाय. एवढा राग आला होता. म्हटलं, माझं कोण ऐकत नाय ते नाय, पण ह्या माणसाला त्या पेटीत एक नाव घेता आलं नाय? आईला नमस्कार! जिला कधी बघितली नाय तिला!"

बटणाचं, कलेक्टरचं, शिक्क्याचं मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "दाबलं असतं त्यानं बटण. पण बटण दाबायच्या आत माझं नाव पोचलं असतं की नसतं?"

मी फुंकणी उचलली आणि विस्तव फुंकायला लागलो.

आता पुढची गंमत. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला तसाच घरात घेता येत नाय. जनूभटानं पोथी काढली. मला नव्यानं जन्माला यावं लागणार होतं. तीस वर्षांचा बाप्या, मिशीवाला, पाळण्यात मावेना, म्हणून पाळण्याची दोरी धरून उभा राहिलो आणि आत्यानं कानात नाव सांगितलं. गावातल्या बायकांनी पाळणा म्हटला. हसून हसून अर्ध्यांना पुढचं कडवं आठवेना. बारसं झालं, मग लगीन. आपल्याच बायकोशी. नवा जन्म म्हणजे जुनी गाठ सुटली म्हणे.

मांडव घातला. अंतरपाट धरला. अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला आणि मी मान पुढं केली, तर द्वारका हार हातात धरून तशीच उभी.

"घाल की गं," आत्या म्हणाली.

"आधी ह्यांनी माझं नाव घ्यायचं."

मांडवात कुजबूज झाली. आमच्यात तेव्हा बाई नवऱ्याचं नाव घ्यायची, तेही बायकांनी अडवल्यावर, लाजत. बाप्यानं बायकोचं घ्यायचं हे कोणी ऐकलं नव्हतं. जनूभट म्हणाला, "मुहूर्त टळतोय, पोरी."

"टळू दे. पयला पाळला होता, त्याचं काय झालं?" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आणि पुटपुटायचं नाय. खोतांच्या पडवीपर्यंत गेलं पाहिजे."

खोत समोरच बसला होता, तो पडवीकडं बघायला लागला.

मी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मग बोटीच्या भट्टीखान्यात, यंत्रांच्या गोंगाटात, वरच्या माणसाला हाक मारावी तसा पोटातनं ओरडलो, "द्वारका!"

माडावरचे कावळे उडाले. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. द्वारकेनं हार घातला, माझी टोपी सरळ केली, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली:

"हेच तिकडनं ओरडला असतात, तर जनूभटांना दुसऱ्यांदा लाडू मिळाले नसते."